अभ्यासक्रमात संशोधन गुंफायचं तर: पहिल्या सत्रापासून शेवटच्या प्रकल्पापर्यंत

चार वर्षांची पदवी आली आणि ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांत ‘संशोधन’ हा शब्द दिसू लागला. पण तो बहुतेक वेळा एकाच कोपऱ्यात दिसतो: शेवटाकडे ‘संशोधन पद्धती’चा एक पेपर आणि त्याच्या मागोमाग प्रकल्प. आधीचे सगळे पेपर जसेच्या तसे. ज्या मुलीने सहा सत्रं उत्तर आधीच ठरलेली प्रात्यक्षिकं केली, तिला सातव्या सत्रात ‘प्रश्न शोधून आण’ असं सांगितलं जातं. ती एक ऑनलाइन प्रश्नावली बनवते, वर्गातल्या पन्नास जणांकडून भरून घेते, रंगीत आलेख काढते. प्रकल्प संपतो. यात चूक तिची नसते, अभ्यासक्रमाच्या बांधणीची असते.

शिक्षक चांगला संशोधक असला की शिकवण्यातही संशोधन आपोआप येतं, हा समज आधी सोडा. जॉन हॅटी आणि हर्बर्ट मार्श यांनी १९९६ मध्ये ५८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं, तेव्हा संशोधन आणि अध्यापन यांतला सहसंबंध ०.०६ निघाला, म्हणजे जवळजवळ शून्य. ही जोड तासांत आणि गुणांत लिहावी लागते. ती कशी लिहायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे. क्रम बदलू नका. बहुतेक विभागांचं काम क्रम चुकल्यामुळेच फसतं.

## तयारी: टेबलावर काय काय हवं

अभ्यास मंडळाच्या (अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीच्या) बैठकीआधी किमान चार महिने कामाला लागा. पहिल्या बैठकीला या गोष्टी समोर हव्यात:

- राज्याची क्रेडिट रचना (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप, हिशेब सहाव्या टप्प्यात). दर सत्राला २२, तीन वर्षांना १३२, चार वर्षांना १७६ क्रेडिट. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प यांचे रकाने वेगवेगळ्या रंगांत रंगवा.
- शैक्षणिक दिनदर्शिका: सुट्या, परीक्षा आणि महोत्सवाचे दिवस धरून.
- प्रत्येक शिक्षकाचा आठवड्याचा वर्कलोड.
- प्रयोगशाळेतल्या उपकरणांची यादी, पण डेडस्टॉक रजिस्टरवरून (खरेदी केलेल्या वस्तूंच्या नोंदवहीवरून) उतरवलेली नको. आज चालू असलेलीच उपकरणं लिहा.
- मागच्या तीन वर्षांचे प्रकल्प अहवाल, सगळे.
- प्रत्येक शिक्षक सध्या कोणत्या प्रश्नावर काम करतो, त्याची एक ओळ. ज्याचं काम थांबलं आहे त्यानेही शेवटचा प्रश्न लिहावा. ही ओळ पुढे चौथ्या टप्प्यात लागते.

## टप्पा १: जुने दहा प्रकल्प तपासा

गठ्ठ्यातून न बघता दहा अहवाल काढा. बक्षीस मिळालेले वेचून घेऊ नका. प्रत्येकाला पाच प्रश्न विचारा आणि फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा.

1. पहिल्या दोन पानांत, उत्तर माहीत नसलेला एक प्रश्न आहे का?
2. हीच पद्धत का, दुसरी का नाही, हे एका वाक्यात तरी सांगितलं आहे का?
3. कच्च्या नोंदी जोडल्या आहेत का?
4. निष्कर्ष त्यांच्याच आकड्यांतून निघतो का?
5. लिहिलेल्या मर्यादा याच अभ्यासाच्या आहेत का? (कुठल्याही प्रकल्पाला चिकटवता येतील अशा असतील तर ‘नाही’.)

ज्या प्रश्नाला सगळ्यात जास्त ‘नाही’ येतील तिथून दुरुस्ती सुरू करायची. तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ जास्त आले, तर शेवटच्या सत्रातल्या गाइडला बोल लावू नका. कच्ची नोंद ठेवायची सवय पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्येच मोडते. ‘चुकीचं’ रीडिंग खोडरबराने पुसून ‘बरोबर’ रीडिंग लिहायला आपणच लावतो, आणि त्यावर सही करतो.

## टप्पा २: शेवटापासून मागे या

शेवटच्या प्रकल्पात विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, ते एका वाक्यात लिहा. मग त्या वाक्यातली कौशल्यं सुटी करा आणि एकेक कौशल्य मागच्या सत्रांत ठेवत या. विज्ञान शाखेसाठी चालणारी एक शिडी अशी:

- सत्र १: नोंदवही. शाईने लिहायची, प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, एकक. चूक झाली तर आडवी एक रेघ, खोडायचं नाही.
- सत्र २: एकच मोजमाप तिघांनी तीन-तीनदा घ्यायचं. फरक का आला, ते अर्ध्या पानात.
- सत्र ३: एका शोधनिबंधातला फक्त पद्धतीचा भाग आणि आकृत्या वाचायच्या. सारांश आणि निष्कर्ष झाकून ठेवायचे. निष्कर्ष काय असेल ते आकृतीवरून आपण सांगायचं.
- सत्र ४: प्रश्न शिक्षकांचा, पद्धत विद्यार्थ्यांची. फील्ड प्रोजेक्टची दोन क्रेडिट याच सत्रात असतील तर ती इथे कामी येतात.
- सत्र ५: प्रश्नही विद्यार्थ्यांचा. एका पानाचा प्रस्ताव.
- सत्र ६: त्या प्रस्तावाची लहानशी चाचणी आणि दुसऱ्या गटाच्या कामाचं लेखी परीक्षण.

तिसऱ्या सत्रातली ती झाकापाक कला शाखेतही चालते. आकृतीऐवजी मूळ कागदपत्राचा उतारा द्या आणि अभ्यासकाचा अन्वयार्थ झाकून ठेवा.

> इशारा: एका सत्रात नवं कौशल्य एकच. दोन घातली की पोर्शन मागे पडतो, आणि पोर्शन मागे पडला की सगळ्यात आधी संशोधनाचाच भाग कापला जातो.

> तपासणी: शेवटच्या प्रकल्पात ज्या कौशल्याला गुण आहेत, ते त्याआधी किमान दोनदा सरावाला आलं आहे का? आलं नसेल तर शिडीची पायरी गळली आहे.

## टप्पा ३: प्रत्येक घटकावर खूण करा

मिक हीली यांनी २००५ मध्ये मांडलेली चौकट इथे कामाची आहे. दोन प्रश्न विचारायचे: विद्यार्थी ऐकणारा आहे की करणारा? आणि भर संशोधनाच्या निष्कर्षांवर आहे की प्रक्रियेवर? त्यातून चार प्रकार निघतात. संशोधनाचे निष्कर्ष सांगणं (क), संशोधनाची पद्धत सांगणं (ख), निष्कर्षांवर विद्यार्थ्यांनी चर्चा व लेखन करणं (ग), आणि विद्यार्थ्यांनी स्वतः शोध घेणं (घ).

अभ्यासक्रमातल्या प्रत्येक घटकासमोर यातलं एक अक्षर लिहा. बहुतेक पानं ‘क’ने भरतील, आणि संशोधन पद्धतीचा पेपर सगळा ‘ख’ निघेल. घाबरून सगळं ‘घ’ करायला जाऊ नका. पायाभूत संकल्पना फळ्यावरच नीट समजतात. दर वर्षी एक ‘घ’ आणि दर सत्रात एक ‘ग’ एवढं आलं तरी पुरे.

## टप्पा ४: प्रश्न जवळचा निवडा, पण घड्याळाशी जुळवून

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे वेळ घालवा. आपल्या भागात प्रश्नांना तोटा नाही. खाडी आहे, तलाव आहेत, येऊरचं जंगल आहे, ऐरोलीपासून तुर्भे-नेरूळपर्यंत पसरलेला टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीकचा) औद्योगिक पट्टा आहे, वाशीचा घाऊक बाजार आहे, नवी मुंबईच्या नोडांच्या (नियोजित उपनगरांच्या) मध्ये उरलेली आगरी-कोळी गावं आहेत. तरीही प्रश्न फसतो, कारण निसर्गाचं आणि बाजाराचं वेळापत्रक महाविद्यालयाच्या टाइमटेबलशी जुळत नाही.

खाडीचं पाणी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. आठवड्यात ती जवळजवळ सहा तास सरकते. प्रात्यक्षिक दर मंगळवारी सकाळी अकराला असेल, तर एका मंगळवारी भरतीचं पाणी मिळतं आणि पुढच्या मंगळवारी ओहोटीचं. क्षारता, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन, सगळं वरखाली होतं आणि मुलं लिहितात ‘प्रदूषणात चढउतार’. चढउतार समुद्राचा असतो. दर चौदा दिवसांनी नमुना घेतला की भरतीची अवस्था बरीचशी जुळते, तरी अर्ध्या-पाऊण तासाचा फरक उरतो आणि तो साचत जातो. म्हणून नमुन्याची वेळ घड्याळावर बांधू नका, त्या दिवशीच्या भरतीवर बांधा. उदाहरणार्थ ‘पूर्ण ओहोटीनंतर एक तास’. याचा अर्थ टाइमटेबलमध्ये दोन तासांचं प्रात्यक्षिक पुरणार नाही, पंधरवड्याला अर्धा दिवस मोकळा लागेल. तो आत्ताच मागून घ्या. नमुना जेट्टीवरूनच घ्यायचा. ओहोटीच्या चिखलात कोणाला उतरवायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी.

विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर बाटलीत बुडबुडा राहू न देता मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड जागेवरच घालावं लागतं. बाटली तशीच लोकलने कॉलेजात आणून मग रसायनं घातली, तर वाटेतच आकडा बदललेला असतो. आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आपल्याकडच्या पद्धतीने २७ अंशांवर तीन दिवसांनी वाचतात. गुरुवारी लावलेली बाटली रविवारी वाचायची होते आणि प्रयोगशाळेला कुलूप असतं. सोमवार ते बुधवार हेच दिवस ठेवा. एवढी साधी गोष्ट अभ्यासक्रमात लिहिलेली नसते, आणि सत्रभराचे आकडे त्यापायी वाया जातात.

तलाव. भरती-ओहोटीची भानगड नको असेल तर दुसऱ्या वर्षाला तलाव बरा: मासुंदा, कचराळी, उपवन. विसर्जनाआधी आणि नंतर पाण्यात काय फरक पडतो, हा प्रश्न मुलं हमखास आणतात. प्रश्न चांगला आहे, पण त्याच दिवसांत पाऊसही असतो, आणि पावसाने पाणी पातळ होतं किंवा रस्त्यावरची घाण वाहून येते. म्हणून विसर्जन होत नाही असा दुसरा तलाव तुलनेला हवाच, आणि दोन्हीकडचे नमुने एकाच दिवशी हवेत. गणपतीच्या सुटीत नमुना कोण घेणार, ते नावासह आधी ठरवा.

पक्षी. फ्लेमिंगो खाडीत साधारण नोव्हेंबर ते मे दिसतात. त्यांचा प्रश्न विषम सत्रात घातला तर मोजायला पक्षीच नसतात. तो सम सत्रात जातो.

बाजार. वाणिज्य आणि अर्थशास्त्रासाठी वाशीचा घाऊक भाव आणि जांभळी नाक्यावरचा किरकोळ भाव यांची तुलना उत्तम होते. तीन अटी पाळा. तारीख एकच हवी. मालाची प्रत एकच हवी. मोठा कांदा आणि गोल्टी (बारीक कांदा) यांची तुलना होत नाही. आणि घाऊक भाव क्विंटलचा, किरकोळ भाव किलो-पावकिलोचा, म्हणून एकक नोंदीतच बदलू नका. जसा ऐकला तसा भाव लिहा, शेजारच्या रकान्यात रूपांतर करा. घाऊक बाजाराचा जोर पहाटेचा असतो. दुपारी दोनला गेलेल्या गटाला उरलेल्या मालाचा भाव मिळतो.

बोली. मराठी विभागाला घणसोली, दिवाळे, करावे या गावांत एकाच घरातल्या तीन पिढ्यांचं बोलणं ऐकता येईल: आजीचे कोणते शब्द नातीकडे उरले, कोणते गेले. एका तासाचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला सहा-सात तास सहज लागतात, बोलीला त्याहून जास्त. म्हणून एका गटाला वीस मिनिटांपेक्षा जास्त मुद्रण देऊ नका. आजीला ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात’ असं थेट विचारलं की ती प्रमाण शब्द सांगते. त्यापेक्षा मासळी कशी सुकवतात ते सांगायला सांगा. शब्द आपसूक येतात.

> तपासणी: निवडलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी लिहा: कोणते महिने, आठवड्याचे कोणते वार, दिवसाची कोणती वेळ. यातलं एकही टाइमटेबलमध्ये बसत नसेल तर प्रश्न बदला. ‘नंतर बघू’ म्हणू नका.

तयारीत लिहिलेल्या शिक्षकांच्या ओळी आता काढा. ज्या प्रश्नाशी कोणा शिक्षकाचं काम जुळतं तो आधी घ्या. पण मुलांना शिक्षकाच्या पीएचडीचे आकडे गोळा करणारे हात समजू नका. विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न त्यात वेगळा दिसला पाहिजे, आणि आकडे कुठे छापले गेले तर त्याचं नाव तिथे आलं पाहिजे.

## टप्पा ५: घटकाआधी गुण लिहा

घटक आधी लिहून गुण शेवटी वाटले की सगळे गुण अहवालावर जातात, आणि अहवाल आता मशीनकडून लिहून घेता येतो. प्रकल्पाच्या १०० गुणांची ही वाटणी त्यातून बरीच वाचवते:

- प्रस्ताव: १५
- नोंदवही आणि कच्च्या नोंदी: २५
- आठव्या आठवड्यातला आढावा: १०
- विश्लेषण: २०
- अहवाल: १५
- तोंडी परीक्षा: १५

‘अपेक्षित’ निकाल आला म्हणून गुण नाहीत, आला नाही म्हणून कापायचेही नाहीत. हे वाक्य गुणतक्त्यात छापा, नाहीतर मुलं आकडे जुळवतात. तोंडी परीक्षेत नोंदवहीतलं कुठलंही पान उघडून ‘हा आकडा कसा आला?’ विचारा, आणि शेवटी ‘पुन्हा करायचं झालं तर कोणती एक गोष्ट बदलाल?’ हा प्रश्न प्रत्येकाला. ज्याने काम केलं आहे त्याला याचं उत्तर सुचायला वेळ लागत नाही.

साधर्म्य तपासणीबद्दल (मजकूर दुसरीकडून उतरवला आहे का, ते बघण्याबद्दल) एवढंच: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. म्हणून ९ टक्के आले की काम स्वच्छ, असं होत नाही. ते ९ टक्के सगळे निष्कर्षातच असतील तर वाचून बघा.

## टप्पा ६: तासांचा आणि माणसांचा हिशेब

एक क्रेडिट म्हणजे सत्राला व्याख्यानाचे १५ किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. दोन क्रेडिटच्या फील्ड प्रोजेक्टला ६० तास मिळतात. ते असे बसवा: पद्धत व परवानग्या १० तास, सहा फेऱ्या, प्रत्येकी चार तास, प्रवास धरून, म्हणजे २४, प्रयोगशाळा आणि नोंदी भरणं १४, लेखन ८, सादरीकरण ४. चौदा दिवसांच्या अंतराने सहा फेऱ्यांना दहा आठवडे लागतात. पहिली फेरी तिसऱ्या आठवड्यात झाली तर शेवटची तेराव्यात होते, आणि लिहायला दोन आठवडे उरतात. पहिली फेरी पाचव्या आठवड्यावर गेली की लेखनाला काहीच उरत नाही.

आता शिक्षक. साठ विद्यार्थी, पाच शिक्षक, आणि प्रत्येक प्रकल्पाला आठवड्याला २० मिनिटं धरा. स्वतंत्र प्रकल्प दिले तर शिक्षकामागे १२ प्रकल्प, आठवड्याला चार तास. चौघांचे गट केले तर शिक्षकामागे तीन गट, आठवड्याला एक तास. यूजीसीच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन असतं. त्यावर चार तास बिनहिशेबी चढवले तर दुसऱ्याच महिन्यात गाठीभेटी बंद पडतात. मार्गदर्शनाचे तास वर्कलोडमध्ये दाखवूनच घ्या. गटात प्रकल्प दिला तरी नोंदवही प्रत्येकाची वेगळी ठेवा, म्हणजे कोण आलं आणि कोण नुसतं नावापुरतं होतं ते कळतं.

## टप्पा ७: परवानग्या सत्र सुरू व्हायच्या आधी

- ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव कायद्याखाली वनविभागाची परवानगी लागते. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तिथेही तेच. हे काम आठवड्यात होत नाही. अर्ज विभागाच्या नावाने मागच्या सत्रातच करा.
- तलावासाठी महापालिकेला पत्र.
- माणसांशी बोलायचं असेल तर संमतिपत्र मराठीत हवं, आणि ते वाचून दाखवायचं. नाव-फोन नंबर नोंदवहीत नको. प्रत्येकाला क्रमांक द्या. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती.
- कारखान्याच्या दाराशी मुलांना नुसतं ओळखपत्र घेऊन पाठवू नका. प्राचार्यांच्या पत्रावर विषय, तारखा आणि जबाबदार शिक्षकाचं नाव असावं.

## टप्पा ८: अभ्यास मंडळासमोर मांडताना

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रश्नच अभ्यासक्रमात छापणं. ‘मासुंदा तलावाच्या पाण्याचा सामू (पीएच) मोजणे’ असं एकदा मंजूर झालं की पुढची बॅच तेच मोजते, त्यापुढची मागच्या बॅचचं उतरवते. अभ्यासक्रमात कौशल्य पक्कं लिहा, प्रश्न मोकळा ठेवा: ‘स्थानिक जलस्रोताचं एका सत्रात किमान सहा वेळा मापन, तुलनेसाठी दुसऱ्या स्रोतासह’. प्रश्नांची यादी वेगळ्या परिशिष्टात ठेवा, आणि ती विभाग दर वर्षी बदलेल असं ठरावातच लिहून घ्या.

निष्पत्ती (शिकल्यावर विद्यार्थ्याला काय येईल ते) लिहिताना ‘ओळख होईल’, ‘समजेल’, ‘जाणीव निर्माण होईल’ ही क्रियापदं काढा. ‘तीन मोजमापांतला फरक काढून त्याचं कारण लिहील’ असं लिहिलं की तपासता येतं.

महाविद्यालय स्वायत्त असेल तर हे सगळं तुमच्या मंडळातून विद्या परिषदेकडे जाईल. संलग्न असाल तर विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलता येणार नाही, पण अंतर्गत मूल्यमापन, जर्नलचे नियम आणि फील्ड प्रोजेक्टचा विषय तुमच्याच हातात असतो. दुसऱ्या टप्प्यातल्या शिडीच्या पहिल्या चार पायऱ्या तेवढ्यावर उभ्या राहतात.

## टप्पा ९: पहिलं वर्ष

सगळ्या तुकड्यांना एकदम लावू नका. वीस जणांची एक बॅच घ्या. आठव्या आठवड्याला सगळ्या नोंदवह्या एकत्र मागवा आणि फक्त तारखा बघा. एकाच शाईने एकाच बैठकीत लिहिलेल्या तारखा लगेच ओळखू येतात. त्या गटाला तेव्हाच बसवून घ्या, परीक्षेपर्यंत थांबू नका.

सत्र संपलं की कच्च्या नोंदी एका फोल्डरमध्ये: विषय, वर्ष, गट क्रमांक, आणि एका पानावर पद्धत, वापरलेली उपकरणं, काय बिघडलं. पुढच्या बॅचने कामाची सुरुवात त्यातल्या दोन नोंदी तशाच पद्धतीने पुन्हा घेऊन करायची. जुळल्या तर पुढचा प्रश्न घ्यायचा. जुळल्या नाहीत तर त्या का जुळल्या नाहीत, हाच त्या वर्षाचा प्रश्न.